बोलकी शाई

गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की अंबादास वनारे आधी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा. कातडी कोरडी आहे की तेलकट, शीर कुठून वर येते, हे बघायला लागतं असं तो सांगायचा, आणि ते काही खोटं नव्हतं. पण एवढं बघायला किती वेळ लागतो? सराईत माणसाला एक नजर पुरे. अंबादास मात्र तो हात धरून गावाचं नाव विचारायचा, आईवडिलांची चौकशी करायचा, दुखेल म्हणून घाबरलेल्याला हसवायचा, आणि मग नाइलाज झाल्यासारखा सुईकडे वळायचा. त्याची बायको कौसल्या गेल्यापासून दुसऱ्या माणसाची ऊब हाताला लागावी अशी त्याच्या आयुष्यात तेवढीच एक जागा उरली होती.

दुकान मिरजेत, सतारी आणि तंबोरे जिथे बनतात त्या गल्लीत. पाटी ‘वनारे गोंदण’. आत एक खुर्ची, एक दिवा, भिंतीवर अंबाबाईची तसबीर आणि तिच्या शेजारी विठोबाची. अंबादासची आई जत्रांमधून बायकांची कोपरं, हनुवट्या गोंदत फिरायची. ती सुया दोऱ्याने बांधायची, हा यंत्र चालवायचा, बाकी रीत तीच. आईसारखंच त्याचंही कामाआधी नमन म्हणणं असायचं, अगदी कीर्तनाला उभं राहिल्यासारखं. आणि आईसारखाच तो दुसऱ्याला टोचण्याआधी त्याच शाईचा एक ठिपका स्वतःच्या डाव्या हातावर उमटवून घ्यायचा. सुई अर्थात वेगळी. स्वतःची टाकून द्यायची आणि गिऱ्हाइकासाठी नवी फोडायची. “आधी आपल्याला दुखलं की हात माजत नाही,” असं आई म्हणायची. अंबादासच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत ठिपक्यांच्या ओळी होत्या. लोकांना ती नक्षी वाटायची.

सांगलीत तोवर मोठे स्टुडिओ उघडले होते. डोळ्यांवर चष्मा चढवून आडवं व्हायचं, आत डोंगर-समुद्र बघायचे, तेवढ्यात यंत्राचा हात पाठीवर वाघ काढून मोकळा. कुणी कुणाला शिवत नाही. तिथे रांगा लागायच्या आणि अंबादासची खुर्ची रिकामी असायची.

“बाबा, चित्राचा प्रश्नच नाहीये,” बंगळुरूहून रेणू, त्याची एकुलती एक लेक, फोनवर सांगायची. “चित्र तुमचं त्यांच्यापेक्षा शंभरपट सुंदर. पण तुम्हाला अभिप्राय नाहीत. अभिप्राय नाहीत म्हणजे तुम्ही नाहीच.”

“अगं, आला की परवा! त्या कुपवाडच्या पोराने लिहिलंय, मामांचा हात देवाचा आहे.”

“लिहिलेलं आता कोण मोजतं?”

खरंच कोणी मोजत नसे. यंत्रं माणसासारखं लिहायला शिकली तेव्हाच लेखी कौतुकाची किंमत गेली होती. एखादा दुकानदार सकाळी मनात आणायचा आणि दुपारपर्यंत हजार गिऱ्हाइकांची स्तुती तयार व्हायची, शुद्धलेखनाच्या खऱ्याखुऱ्या वाटणाऱ्या चुकांसकट. शेवटी ‘पारख’ नावाच्या कंपनीने सगळे लेखी अभिप्राय मोडीत काढले आणि गोंदणवाल्यांसाठी बोलकी शाई आणली.

तिची करामत अशी. शाईच्या प्रत्येक रंगकणाभोवती एक अतिसूक्ष्म कवच असतं. माणूस बेचैन झाला की अंगात काही द्रव्यं वाढतात, निवांत झाला की वेगळी वाढतात. ती त्या कवचाला चिकटतात आणि कवचातून वाहणारी वीज किंचित कमी-जास्त होते. ही वीजही घामातल्या क्षारांवरच तयार होते, त्यामुळे माणूस जिवंत आहे तोवर शाई जागी. जवळचा फोन हे बदल टिपतो, आठवडाभराचा हिशेब करून त्याचे एक ते पाच तारे बनवतो आणि पारखला कळवतो. गिऱ्हाइकाने एकदा संमती दिली की पुढे काही करायचं नाही, लिहायचं नाही, त्याला ते दिसतही नाही. त्वचेला खोटं बोलता येत नाही, एवढा एकच मुद्दा कंपनीने जाहिरातींतून गावोगाव पोहोचवला.

त्यात एक उणीव होती आणि कंपनी ती लपवत नव्हती. शाईला अवस्था कळते, कारण कळत नाही. घरात भांडण झालं तरी खांद्यावरच्या मोराचे तारे कमी व्हायचे. पण शेकडो माणसांच्या सरासरीत एकाचं भांडण आणि दुसऱ्याचं लग्न विरून जातं, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या स्टुडिओंपुरतं ते बरोबरच होतं.

अंबादासने शाई घेतली. ती छोट्या बंद कुप्यांतून यायची, एका कामाला एक कुपी, प्रत्येकीची खूण वेगळी. पारखचा माणूस येऊन दुकानाचा फोन जोडून गेला. प्रश्नांवर प्रश्न येत होते. “सगळ्याला हो म्हणा मामा, नाहीतर पुढे जाणार नाही,” तो म्हणाला. मामांनी सगळ्याला हो म्हटलं.

आणि नवल म्हणजे अभिप्राय यायला लागले. नुसते यायला लागले नाहीत, धो-धो आले.

“बाबा, तुमच्याकडे लोक जोडीनं येतायत का?” रेणूचा आवाज बऱ्याच दिवसांनी खुलला होता. “एक कुपी फुटली की दोन माणसांचे तारे येतात! नवराबायको, मित्रमित्र एकाच कुपीतून गोंदवून घेतात ना, तसं दाखवतंय. सांगलीवाल्यांपेक्षा तुमचं प्रमाण जास्त आहे.”

“येतात की जोडीनं,” अंबादास म्हणाला. त्याला काही उमजलं नव्हतं, पण लेक खूष आहे तर मध्ये कशाला बोला! ‘देवा, तुझीच लीला,’ म्हणून त्याने तसबिरीपुढे साखर ठेवली.

रेणूलाही सोय झाली. कामातून फोन करायला तिला वेळ मिळत नसे. आता ती येता-जाता दुकानाचे तारे बघायची. तारे येतायत म्हणजे गिऱ्हाईक आहे, गिऱ्हाईक आहे म्हणजे बाबा मजेत. फोन आठवड्याचा पंधरवड्यावर गेला आणि पंधरवड्याचा नुसत्या अंगठ्याच्या चित्रावर.

मग एक दिवस तिचा भर दुपारी फोन आला.

“बाबा, निम्मी माणसं नाराज आहेत.”

“कोण नाराज?”

“नाव कळत नाही त्यात. पण प्रत्येक कुपीमागे एक जण चार-पाच तारे देतो आणि दुसरा एक, फार तर दोन. सरासरी तीनच्या आसपास आली. साडेतीनच्या खाली दुकान राहिलं तर महिनाअखेर ते नकाशावरून काढतात, ठाऊक आहे ना?”

ठाऊक होतं. माणसं आता कानातल्या यंत्राचा आवाज नकाशा बघून सांगेल तिकडे वळायची. ज्या दुकानाचं नाव तो आवाज घेत नाही, त्याच्या पायरीशी उभं राहूनही ते त्यांना दिसत नसे. गल्लीतला एक जुना चहावाला असाच गेला. टपरी उघडी, आधण उकळतंय आणि समोरून माणसं चाललीयत.

“तसं झालंच तर इकडे या,” रेणू म्हणाली. “एक खोली रिकामीच आहे. बाल्कनीत बसा, अभंग ऐका, आराम करा.”

“बघू,” तो म्हणाला. त्या खोलीत मी कुणाचा हात धरू, हे मात्र त्याला लेकीला विचारता आलं नाही.

त्या दिवसापासून अंबादास आपल्यातला दोष शोधायला लागला. खुर्चीची गादी बदलली. गिऱ्हाइकापुढे गूळ-शेंगदाण्यांची वाटी ठेवली. गुरुवारचं कीर्तन तो कधी चुकवत नसे. बुवांच्या मागे टाळ घेऊन उभं राहायची त्याची जागा ठरलेली होती. पण संध्याकाळी दुकान बंद दिसलं तर कोणी चिडत असेल, म्हणून त्याने कीर्तनाला जाणंही सोडलं. टाळ खुंटीला गेले.

शेजारचे युसूफचाचा भोपळ्याला पॉलिश मारता मारता हे सगळं बघत होते. त्यांचा तंबोऱ्यांचा धंदा तीन पिढ्यांचा आणि जीभ त्याहून जुनी.

“अंबादास, मी सांगू दोष कुठाय?”

“सांगा की.”

“तू गातोस. आधीच सुई टोचतोय, वर तुझं गाणं! माणसानं किती सोसायचं?”

चाचा आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले आणि जेवायला घरी गेले. घरी नातवंडं वाट बघत असायची. अंबादासही हसला. पण दुसऱ्या दिवशीपासून त्याने काम करताना गाणं बंद केलं. नमनसुद्धा मनातल्या मनात. दुकानात नुसती यंत्राची घरघर राहिली.

तारे आणखी घसरले.

कीर्तनकारासमोर सगळी सभा डोलत असली आणि कोपऱ्यात एखादाच तोंड पाडून बसला असला, तर बुवांचं लक्ष त्याच्याकडेच जातं. मग सगळा उत्तररंग त्या एकासाठी रंगतो. अंबादासचं तसं झालं. पाच तारे देणाऱ्यांचं त्याला काही वाटेना. एक तारा देणारा तो कोण? कुठल्या घरात बसून तो माझं गोंदण बघतो आणि झुरतो? पुसता येत नाही, धुता येत नाही, मरताना दागिने उतरवतात पण गोंदण वर बरोबर जातं. अशी वस्तू आपण कुणाच्या तरी अंगावर जन्माची दिली आणि ती त्याला रोज छळते, या विचाराने त्याचा घास उतरेना.

पारखमध्ये एक सोय होती. नाराज गिऱ्हाइकाचं नाव दुकानदाराला कळत नसे, पण त्याला निरोप धाडता येई. बहुतेक जण तयार मजकूर पाठवायचे, ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ आणि पुढच्या वेळी सवलत. अंबादासला ते पटेना. महिना संपत आला होता. उन्हं कलली तशी त्याने दाराला अर्धी कडी घातली, चष्मा लावला आणि एका बोटाने अक्षर अक्षर शोधत लिहायला बसला.

‘रामकृष्ण हरी. मी अंबादास वनारे, मिरजेचा. माझ्या हातून तुमच्या अंगावर जे उमटलं ते तुम्हाला सुख देत नाही असं कळलं. फार वाईट वाटलं. चूक माझीच असणार. तुम्ही कोण, मला माहीत नाही, पण तुमचा हात मी हातात धरला आहे, तेव्हा तुम्ही मला परके नाही. तुम्हाला काय सलतं ते मला सांगाल का? दुरुस्त होण्यासारखं असेल तर करीन. नसेल तर नुसतं ऐकून घेईन. संकोच करू नका. दुकानाचं दार तुम्हाला केव्हाही उघडं आहे.’

वाचून बघितलं. देवाला हात जोडले आणि ‘सर्व असमाधानी ग्राहकांना’ या खुणेवर बोट ठेवलं.

टेबलावरचा फोन थरथरला. निरोप आला होता. अंबादासने उघडला.

‘रामकृष्ण हरी. मी अंबादास वनारे, मिरजेचा.’

पत्ता चुकला बहुतेक, आपल्याकडेच परत आलं, असं त्याच्या मनात आलं तोच फोन पुन्हा थरथरला. तेच पत्र. पुन्हा थरथरला. मग थांबेचना, भिंगरी लागल्यासारखा टेबलावर सरकत सरकत कडेला गेला. अंबादासने झटकन उठून तो पडता पडता झेलला, आणि झेलताना डाव्या हातावर दिव्याचा उजेड पडला.

मनगटाकडचे जुने ठिपके साध्या शाईचे. कोपराकडचे नवे, बोलक्या शाईचे. प्रत्येक कुपी फोडताना उमटवलेले.

तो खाली बसला. नेहमीच्या स्टुलावर नव्हे. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला.

हातातला फोन अजून थरथरत होता. त्याने ते पत्र पुन्हा वाचलं, या वेळी लिहिणाऱ्यासारखं नाही, ज्याला आलं त्याच्यासारखं. ‘तुम्हाला काय सलतं ते मला सांगाल का?’ या ओळीशी त्याची नजर अडली. कौसल्येच्या तेराव्यानंतर हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. लोक वाईट नव्हते. युसूफचाचा रोज चहा पाजायचे, बुवांनी दोनदा निरोप पाठवला होता. पण तो स्वतःच हसून वेळ मारून न्यायचा, आणि हसणाऱ्याला कोण विचारणार? एवढ्या दिवसांत त्याचं हसू ज्यांना फसवू शकलं नाही, ते हातावरचे काळे ठिपके तेवढे होते. ते दर आठवड्याला न चुकता खरं सांगत होते, आणि ते खरं सगळ्या जगाला दिसत होतं, फक्त कुणाचं आहे ते माहीत नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्याने पारखच्या मदत क्रमांकावर फोन लावला. गार्गी नावाची मुलगी बोलली. यंत्र नाही, खरी मुलगी. मागे कुणीतरी डबा उघडल्याचा आवाज येत होता.

“म्हणजे काका,” सगळं ऐकून ती म्हणाली, “प्रत्येक कुपीतलं दुसरं गिऱ्हाईक तुम्हीच?”

“तसंच म्हणायचं.”

“पण स्वतःच्या दुकानाला अभिप्राय देणं नियमाविरुद्ध आहे. दंड होतो.”

“करा बाई दंड.”

“थांबा हं, वाचते.” ती कुजबुजत वाचत राहिली. मग तिला हसू आलं, आणि आल्यावर लाजही वाटली. “काका, नियम असाय की स्वतःचं दुकान वर नेण्यासाठी तारे दिले तर दंड. खाली नेणाऱ्याबद्दल काही लिहिलेलंच नाही. असं कोणी करेल हे आमच्याकडे कुणाला सुचलंच नाही.”

“मग आता?”

“सोपं आहे. तुमच्या हातावरच्या ठिपक्यांना इथून गप्प करते. रंग राहील, पण ते काही कळवणार नाहीत. मागचे तारेही पुसले जातील. उरलेल्यांची सरासरी बघू… अगं बाई! चार पूर्णांक आठ! काका, तुम्ही मिरजेत पहिले आहात!”

अंबादास हातावरच्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवत होता.

“काका? करू ना रद्द? तुम्ही फक्त हो म्हणा.”

“हे पुसलं की मग,” त्याने सावकाश विचारलं, “मी कसा आहे ते कुठे दिसणार नाही?”

“नाही नाही, काळजी करू नका. कुणालाच दिसणार नाही.”

तिने ते धीर द्यायला सांगितलं होतं. दुकान वाचणार होतं, गिऱ्हाईक येणार होतं, हात हाती येणार होते. रेणू बंगळुरूत फोन उघडून बघेल आणि तिला चार पूर्णांक आठ दिसेल. बाबा मजेत आहेत, म्हणून ती अंगठ्याचं चित्र पाठवील. आजवर निदान निम्मं खरं तरी तिच्यापर्यंत जात होतं.

“हो,” तो म्हणाला. “रद्द करा. दुकान चालायला हवं.”

हातावर काहीच जाणवलं नाही. दिव्याखाली ठिपके होते तसेच होते.

रेणूचा संदेश लगेच आला. फटाके, टाळ्या आणि खाली एक ओळ: ‘बाबा! कसं केलंत? पार्टी!!’

अंबादासने ‘अंबाबाईची कृपा’ असं लिहिलं. पाठवायच्या खुणेवर बोट नेलं. मग ते सगळं पुसलं आणि तिला फोन लावला. या वेळी ती कामात असते म्हणून तो कधी फोन करत नसे.

“बाबा? काय झालं? बरे आहात ना?” मागे दोन-चार जण इंग्रजीत बोलत होते.

“रेणू, ते नाराज गिऱ्हाईक सापडलं.”

“अरे वा! कोण होतं?”

“मी.”

“म्हणजे?”

“ते कमीचे तारे माझ्या हातावरचे होते गं. ठिपक्यांचे. सगळे.” कीर्तनात मागे उभं राहून तारसप्तकाला सहज भिडणारा त्याचा आवाज, पण लेकीसमोर एवढंसं वाक्य त्याला पेलेना. “आता पुसलेत सगळे. तुला आता दिसायचे नाहीत, म्हणून सांगतोय. मला इथे करमत नाही. दुकान सोडायचं नाहीये मला. तुझ्याकडेही यायचं नाहीये. पण करमत नाही.”

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली. “तुम्ही पुढे चालू करा, मी येत नाहीये,” असं ती कुणाला तरी म्हणाली. दार ओढून घेतल्याचा आवाज आला आणि ती मागची माणसं एकदम बंद झाली.

“बाबा.”

“हं.”

“मी रोज बघत होते ते तारे.” ती म्हणाली. “रोज. आणि मला राग यायचा. वाटायचं, कोण मेला माझ्या बाबांना एक तारा देतो?”

दोघांनाही हसू आलं, पण ते पुरतं टिकलं नाही.

“जेवलात का?” तिने विचारलं.

या प्रश्नाला अंबादासचं उत्तर इतकं पाठ होतं की ते जिभेवर येऊनही गेलं. त्याने ते गिळलं.

“नाही,” तो म्हणाला. “काल रात्रीही नाही.”

“तांदूळ आहेत घरात?”

“आहेत.”

“मग उठा. दुकान बंद करा, घरी चला. मी फोन ठेवत नाही. कुकर लावा, मुगाची डाळ टाका थोडी. आणि फोन तिथेच ओट्यावर ठेवा, मला ऐकू येईल असा.”

“तुझी मीटिंग?”

“बाबा, कुलूप लावा आधी.”

त्याने दिवा मालवला, कुलूप लावलं आणि फोन कानाशी धरून गल्लीतून निघाला. युसूफचाचांनी दुकानातून हात केला. घरी पोहोचेपर्यंत रेणू काहीबाही विचारत राहिली; रस्त्यात कोण भेटलं, दुधाची पिशवी घेतली का, जिरं कुठल्या डब्यात आहे. त्याने तांदूळ धुतले. पाण्याचा आवाज तिला ऐकू गेला.

“पाणी जरा जास्त घाला,” ती तिकडून म्हणाली. “मऊ आवडतो ना तुम्हाला.”

अंबादासने अर्धा पेला पाणी वाढवलं, झाकण फिरवलं, फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला, आणि दोघं जण शिट्टीची वाट बघत राहिले.